जिला सुतक लागत नाही

“अहो, हात आहे तो माझा, जात्याचा खुंटा नव्हे!”

बुधवार पेठेतल्या बोळात मणियारांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि तिथे बायका जुबेदाला असं काहीबाही रोज ऐकवायच्या. जुबेदा त्यावर चिडायची नाही आणि हसायचीही नाही. समोरच्या बाईचा हात आपल्या हातात तसाच धरून ठेवायची, अंगठ्याच्या मुळाशी हळूहळू दाबत राहायची, आणि विचारायची, “ताई, आज घरी काय केलंत?”

“काय करणार? आमटी. गूळ कमी पडला की ह्यांचं तोंड वाकडं, जास्त पडला की सासूबाईंचं. मी म्हटलं, दोघांच्या पानात एकेक ढेप ठेवते, कुरतडत बसा—”

“झाल्या.”

“काय झाल्या?”

“बांगड्या. बघा की.”

बाई हात वर करून बघायच्या. मनगटावर हिरवी काच ओळीने बसलेली असायची. “आणि दुखलं कसं नाही?”

“तुम्ही आमटीत होतात.”

ही विद्या तिला सासूने दिली होती. अख्तरबानूंनी आयुष्यभर काच भरली, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा सुनेला समोर बसवून आपलाच हात पुढे केला. “भर,” म्हणाल्या. पहिल्या दिवशी जुबेदाने सासूच्या हातावर चार बांगड्या फोडल्या. अख्तरबानू रक्त पदराला पुसून म्हणाल्या, “बेटी, काच फुटत नसते. भीती फुटते. भरून घेणारीचा हात ताठला की काच पिचते, आणि तिचा हात ताठतो तो आपला ताठला म्हणून. आधी आपण सैल व्हायचं. आपण थंड, तर ती थंड.”

जुबेदा थंड झाली. इतकी, की पुढे तिचा नवरा मकबूल एका सकाळी दुकान उघडता उघडता उंबऱ्यावर कोसळला आणि त्याची डावी बाजू गेली, तेव्हाही तिने आधी समोरच्या बाईच्या हातातली अर्धी चढलेली बांगडी नीट चढवली आणि मग उठली. त्याला आता वर्षं झाली. दुकानामागच्या खोलीत तो खाटेवर असायचा. जुबेदा त्याला भरवायची, पुसायची, कूस बदलून द्यायची आणि पुन्हा बाहेर येऊन बसायची. पेठेतल्या बायका म्हणायच्या, कमाल आहे बाई हिची, डोळ्यांतून टिपूस नाही. जुबेदाला कधी कधी वाटे, आपण शांत नाही, आपण नुसत्या उभ्या आहोत. पण चार लोक एखाद्याला शांत म्हणू लागले की माणूस हळूहळू तसंच वागू लागतं, आणि मग खरं काय होतं ते त्याचं त्यालाही आठवत नाही.

वाघोलीचं एक गिऱ्हाईक-घर तिच्याकडे सासूकडून आलं होतं. वाघोली तेव्हा गाव होतं; नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी उभी असायची. त्या घरात म्हातारी तुळजाबाई, तिचे दोन मुलगे आप्पासाहेब आणि जयसिंग, आणि शेंडेफळ शालू. आप्पासाहेबांची बायको लवकर गेली होती. घर सांभाळायची ती धाकटी सून, जयसिंगची मैना.

मैना त्या घरात आली ती पोरसवदा. लग्नात काच चढवायची म्हटल्यावर ती रडायला लागली होती, हात पाठीमागे लपवून. जुबेदाने ओढला नाही. तशीच समोर बसून राहिली. मग मैनानेच एक हात पुढे केला, मग दुसरा. तेव्हापासून तिने दुसऱ्या कुणाकडून काच भरली नाही. म्हणायची, “भाभीच्या हातात हात दिला की मला झोप येती.” आणि खरंच तिच्या पापण्या मिटायच्या. कधी नवऱ्याशी भांडण झालेलं असे, कधी पोट राहून निसटलेलं असे. जुबेदाला न सांगता तिच्या बोटांतून कळायचं, आणि बोटं सैल झाली की मैनाचंही थोडं हलकं व्हायचं. तोंडाने त्या फारसं बोलत नसत.

त्या वैशाखात शालूचं लग्न होतं. तिची सोयरीक आधी एकदा सुपारी फुटल्यावर मोडली होती, आणि गावात त्याची कुजबुज अजून चालायची. यावेळी घरच्यांनी सगळं झटपट ठरवलं. मांडवासाठी जुने पत्रे काढताना जयसिंगच्या टाचेत गंजका खिळा गेला. त्याने हळद दाबली आणि पुन्हा शिडीवर चढला. आठवड्याने त्याचा जबडा आवळला. धनुर्वात म्हणाले. आप्पासाहेबांनी त्याला बैलगाडीतून नगर रस्त्यावर आणलं आणि तिथून मोटारीने पुण्याच्या सरकारी दवाखान्यात. घरी निरोप येत राहिले: आज जरा बरं आहे, आज तसंच आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी जुबेदा काचेची पेटी घेऊन स्टेशनाजवळच्या एसटी स्टँडवर आली. नवरीचा चुडा आणि घरच्या सवाष्णींच्या बांगड्या भरायच्या होत्या. ऊन चढत होतं. लिंबाच्या सावलीत आप्पासाहेब उभे होते, फेटा हातात गुंडाळलेला, डोकं उघडं.

“भाभी.”

“आप्पासाहेब! तुम्ही इथे? जयसिंगभाऊ कसे आहेत?”

“पहाटंला गेला.”

जुबेदाने पेटी खाली ठेवली. तिच्या ओठांतून मयताची दुआ पुटपुटली गेली. आप्पासाहेब ती संपेपर्यंत थांबले.

“घरी कळवलं?”

“न्हाई. अन् कळवायचं बी न्हाई.” त्यांनी फेट्याचं टोक मुठीत आवळलं. “उद्या सकाळी अक्षता हायत. कानावर पडलं की सुतक लागतं भाभी. न्हाई पडलं, तवर न्हाई. आत्ता कळलं तर लगीन थांबलं. अन् सोयरे थांबायचे न्हाईत. एकदा मोडलंय तिचं. आता मांडवात भाऊ गेला म्हटल्यावर समदं खापर पोरीच्या पायावर फुटंल. पांढऱ्या पायाची म्हणतील. कोण करून घेतंय तिला?”

“आणि तुम्ही?”

“मी ऐकलं, बघितलं. मला लागलं. मी त्या मांडवाखाली पाय ठेवू शकत न्हाई. मामा कन्यादान करंल.” शालूला त्यांनीच खांद्यावर खेळवलं होतं. “तुम्ही घरी येवढंच सांगा, जयसिंगला सोडून आप्पाला निघता येत न्हाई. त्यात खोटं बी काय न्हाई.”

“मी?”

“भावकीतल्या ज्याला सांगंन त्याला सुतक. बाहेरच्या कुणाला धाडला तर त्याचं तोंड बघून बाया वळखतील. तुम्हाला आमचं सुतक लागत न्हाई.” मग खाली बघत ते म्हणाले, “अन् तुमचं तोंड कधी काय सांगत न्हाई.”

कुणीतरी वार करावा आणि वर शाबासकी द्यावी, तसं ते जुबेदाला लागलं. पण तोंडाने काही सांगितलं नाही.

“मैनाला शेवटचं तोंड तरी—”

“उन्हाळा हाय भाभी. ठेवत न्हाईत. तिन्हीसांजेच्या आत नदीवर न्यावं लागंल.” त्यांनी हात जोडले. “तिचा चुडा पुरा भरा. उणा दिसला तर बाया इचारतील.”

गाडी लागली. जुबेदा हो म्हणाली नव्हती. नाही म्हणायलाही तिचं तोंड उघडलं नव्हतं. लोक चढायला लागले आणि तिने पेटी उचलली, एवढंच झालं.

“मावशी, ती काच पायाशी घ्या,” कंडक्टर म्हणाला. “वर ठेवलीत आणि खाली आली, तर ज्याच्या डोक्यात जाईल त्याला अर्धं तिकीट पडतं.”

गाडीत हशा झाला. येरवडा गेलं, खराडी गेली. पायाशी काच किणकिणत होती. खड्डा आला की एकदम बोलायची, मग गप्प व्हायची. हीच गाडी पुढे लोणीकंदपर्यंत जाऊन दुपारी माघारी फिरायची, वाघोलीच्या वडाखाली थांबून पुण्याला यायची. मैना त्या गाडीत बसली तर सांजेच्या आत पोचेल. नवऱ्याचं तोंड बघेल. मग लग्न मोडेल, शालू आयुष्यभर त्या घराच्या कोपऱ्यात बसेल. नाही बसली तर शालूच्या डोईवर अक्षता पडतील, आणि मैना... जुबेदाने पेटीवर दोन्ही हात ठेवले. आपण थंड, तर ती थंड, ती मनाशी म्हणाली. ह्या शब्दांचा असा उपयोग तिने पूर्वी कधी केला नव्हता.

मांडव घातलेला होता. आंब्याचे डहाळे उन्हात सुकून वाजत होते. उंबऱ्यातूनच तुळजाबाईचा आवाज आला, “आली गं आमची मणेरीण! काच आणलीस का नुसतं त्वांड घिऊन आलीस?”

“दोन्ही आणलंय, आई.”

“त्वांड ठिव बाजूला, काच काढ. पोरी सकाळधरनं मनगटं घासून बसल्यात, कातडं निघायची येळ आली.”

बायका हसल्या. मग म्हातारीचाच आवाज उतरला. “दवाखान्याचं काय कळलं का गं?”

स्वयंपाकघराच्या दारात मैना येऊन उभी राहिली. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे.

“आप्पासाहेब भेटले स्टँडवर,” जुबेदा म्हणाली. “जयसिंगभाऊंना सोडून निघता येत नाही म्हणाले. लग्न वेळेवर लावा, मामा कन्यादान करतील म्हणाले.”

“पर त्यो कसा हाय?” मैना म्हणाली. “जबडा सुटला का? लई कळा येत हुत्या, मागल्या येळी बघितलं तर पाठ अशी धनुकलीवानी...”

“आता त्रास नाही,” जुबेदा म्हणाली. “आता काही त्रास नाही त्यांना.”

मैनाच्या तोंडावर ऊन पडावं तसा उजेड पडला. तिने पिठाचाच हात कपाळाला लावून देव्हाऱ्याकडे बघितलं आणि आत पळाली, कारण तव्यावर काहीतरी करपत होतं. जुबेदाने जे सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ती पेटीपाशी बसली आणि माळा सोडायला लागली.

आधी नवरी. शालूचा हात गार आणि ओला होता. तिला सासरचं नाव विचारत, चिडवत जुबेदाने हिरवी काच चढवली, आणि भोवती बसलेल्या बायकांनी ओवी धरली:

हिरवा माझा चुडा, लई दिसांचा सोबती,
हात घालिते पिठात, काचा गुणगुण बोलती.

एकीमागून एक सवाष्णी पुढे येत गेल्या. जुबेदाचे हात आपले चालत होते. अंगठ्याचं मूळ, करंगळीखालचं हाड, एक दाब, एक वळण. ऊन मांडवाच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर सरकत होतं आणि तिची नजर त्याच्यावर होती. तुळजाबाई विधवा, ती बाजूला बसून सगळ्यांच्या मनगटांना नावं ठेवत होती. “हिचं मनगाट न्हाई, मुसळ हाय. हिला बांगड्या नकोत, चाकाच्या धावा घाला.”

“मैना कुठं हाय? मैनेला बोलवा!”

मैना हात धुऊन, पुसत पुसत आली आणि जुबेदासमोर बसली. तिला बघून कुणाला तरी सुचलं:

माझ्या गं वैनीची, दारावरती नजर,
वाजलं चाक कुठं, सावरते गं पदर.

हसून हसून बायका एकमेकींवर पडल्या. मैनाने लाजून पदर खरंच सावरला. मग हात जुबेदाच्या हातात दिला. त्या हाताला भाजल्याचा नवा डाग होता, पिठाचा वास होता. दिल्याबरोबर तो सैल पडला. झोपलेल्या मुलाचं डोकं खांद्यावर पडतं, तसा.

जुबेदाने पहिली बांगडी उचलली.

आणि रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. वडाखाली गाडी थांबली होती. इंजिनाची घरघर मांडवापर्यंत येत होती.

मैनाचा हात एकदम जागा झाला. “भाभी,” ती वाकून हळूच म्हणाली, “ह्या गाडीनं जाऊन येऊ का? नुसतं बघून येते. चुडा दावते त्याला. पहिल्या गाडीनं माघारी, अक्षतांच्या आत.”

तुळजाबाईचे कान तिखट. “येडी का खुळी तू? हळदीचं घर सोडून चालली! नवरीची भावजय तू, उद्या करवली कोण मिरवंल, मी?”

“आत्ती, तुम्हाला काय कळतं? त्याला बरं वाटतंय तर म्या दिसले म्हंजी आणिक बरं वाटंल.” आणि ती परत जुबेदाकडे वळली. “तुम्ही सांगा भाभी. तुम्ही आत्ताच तिकडनं आलाया. तुम्ही म्हणाल तसं करते.”

सगळ्या बायका जुबेदाकडे बघत होत्या. शालूही बघत होती. नव्या काचेचे हात मांडीवर ठेवून, काही न कळता, तोंडभर हसत. गाडी घरघरत होती. मैनाच्या हातातली एकेक शीर ताठ झाली होती. बांगडी गाठींवर अडकली होती. आता जोर लावला असता तर ती फुटलीच असती.

जा, एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. तेवढं ऐकून ती उठली असती, पिठाच्या लुगड्यानिशी धावली असती.

पण असा ताठलेला हात हातात आला की काय करायचं, ते जुबेदाच्या बोटांना तिच्याआधी कळायचं. तिचा अंगठा मैनाच्या अंगठ्याच्या मुळाशी गेला आणि हळूहळू दाबायला लागला. तिच्या तोंडून तेच आलं जे हजार वेळा आलं होतं, त्याच आवाजात, त्याच गारव्याने:

“आधी हात सैल सोड, मैना.”

मैनाने तिच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर काहीच नव्हतं. मैनाला ते उत्तर वाटलं. तिने श्वास सोडला, डोळे मिटले, आणि हात पुन्हा झोपी गेला. बांगडी गाठींवरून उतरली. मग दुसरी. मग तिसरी. रस्त्यावर गाडीने आवाज चढवला आणि तो आवाज ज्वारीच्या मोकळ्या रानातून लांब, लांब होत गेला. एकही काच पिचली नाही. चुडा पुरा भरला.

काच भरून झाली की भरणारीच्या पाया पडायची रीत. मैना वाकली. जुबेदाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “अल्लाह तुला सांभाळो,” ती म्हणाली.

“आँ?” मैना खालूनच हसली. “अन् माझा नेहमीचा कुठं गेला?”

“लग्नाच्या घाईत आशीर्वाद बी आखूड झाला म्हणायचा,” तुळजाबाई म्हणाली.

बायका हसायला लागल्या. मैना तशीच वाकून राहिली, वाट बघत. मग जुबेदाने नेहमीचाही दिला. “सौभाग्य अखंड राहो.”

परतताना येरवड्याच्या पुलावर तिने खिडकीतून नदीकडे बघितलं नाही. घरी आल्यावर मकबूलची कूस बदलली, दुकानाच्या फळ्या लावल्या. अख्तरबानू अंधुक डोळ्यांनी तिच्या हालचालींच्या आवाजाकडे तोंड करून बसल्या होत्या. जुबेदाने सगळं सांगितलं, एका दमात, भाव सांगावा तसं.

“एकही फुटली नाही?” अख्तरबानूंनी विचारलं.

“नाही.”

म्हातारीने मान हलवली. मग म्हणाली, “मी तुला हात सैल करायला शिकवलं होतं, बेटी. तोंड शिवायला नव्हतं.”

“मग शालूचं काय झालं असतं, अम्मा?”

“ते मला काय माहीत?”

“मग काय करायला हवं होतं?”

“ते पण माहीत नाही.” त्यांनी चाचपडत जुबेदाचं मनगट शोधलं आणि नाडीवर बोट ठेवलं, हकीम ठेवतो तसं. नाडी सावकाश, एका लयीत चालली होती. अख्तरबानूंनी बोट काढून घेतलं, जणू काही गरम लागलं. “इतक्या वर्षांत मला वाटायचं, सुनेला सबर आहे,” त्या पुटपुटल्या.

लग्न लागलं. शालू सासरी गेली. वऱ्हाडाची शेवटची गाडी वळणाआड झाली तेव्हा आप्पासाहेब मांडवाबाहेर येऊन उभे राहिले आणि तिथूनच आईला हाक मारली. हे जुबेदाला पेठेत आलेल्या एका वाघोलीच्या बाईने सांगितलं. पुढचंही ती सांगत होती, मैनाचं. जुबेदाने तिला मध्येच थांबवलं आणि काच दाखवायला घेतली.

त्यानंतर दुकानात तिचं काम चालूच होतं. हात तसेच चालत. एका सकाळी मात्र ती उठली, मकबूलला भरवलं, आणि पेटी न घेता स्टँडवर गेली.

मांडव उतरवला होता. खांबांचे खड्डे तेवढे अंगणात होते. पुरुष दशक्रियेची जुळवाजुळव करत ओट्यावर बसलेले. आप्पासाहेबांचं डोकं भादरलेलं होतं. त्यांनी जुबेदाला बघितलं आणि मान खाली घातली. आत तुळजाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकूनही वळली नाही, कोण म्हणून विचारलं नाही.

शालू भावाच्या सुतकाला माहेरी आली होती. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. दोन्ही मनगटांना तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या गच्च गुंडाळल्या होत्या, काच वाजू नये म्हणून. ती जुबेदाकडे न बघता आत निघून गेली.

मैना कोपऱ्यात बसली होती. कपाळ उघडं, हात उघडे. उजव्या मनगटावर ओरखडे होते, वाळलेले. जुबेदा तिच्यासमोर बसली, कितीतरी वर्षं बसायची तशी. फक्त मध्ये पेटी नव्हती.

“आलात,” मैना म्हणाली. आवाज घोगरा, पण साधा. “मला आप्पाचा राग न्हाई भाभी. त्यो पुरुष माणूस, त्याला घर बघावं लागतं. आत्तीला तर माझ्यासंगंच कळलं. शालूचा बी न्हाई. ती पोर रोज माझ्या पाया पडती अन् माफी मागती. तिनं काय केलंय?”

जुबेदा ऐकत होती.

“तुमच्या हातात माझा हात हुता. गाडी हुबी हुती. तुमचा हात जरा तरी हालायचा. येवढा,” तिने दोन बोटांत तिळाएवढं अंतर दाखवलं, “येवढा जरी हालला असता, तरी मी उठले असते.”

“हो,” जुबेदा म्हणाली.

“मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, भाभी गार हाय, म्हंजी समदं ठीक हाय.”

“हो.”

बाहेर पुरुषांचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं, सरपणाबद्दल. मैनाने लुगड्याची कड सरळ केली, पुन्हा केली. मग ती पुढे सरकली आणि अगदी खाली आवाज आणून तिने विचारलं, “तुम्ही बघितलं का त्याला?”

“कुणाला?”

“त्याला. त्या दिशी. स्टँडाच्या जवळच दवाखाना हाय म्हणत्यात. आप्पाला इचारलं की त्यो उठून जातो. म्हणतो, नको इचारू. म्हंजी काय? जबडा तसाच हुता का? पाठ तशीच वाकडी हुती का नेली तवा? डोळं कुणी मिटलं हुतं का न्हाई?” तिची नजर जुबेदाच्या तोंडावर खिळली होती, पुन्हा, त्याच भरवशाने. “मी डोळं मिटलं की ती वाकडी पाठच दिसती भाभी. दुसरं काय दिसतच न्हाई. कुणी तरी मला सांगा की, कसा हुता.”

शांत होता, असं म्हणता आलं असतं. झोपल्यासारखा होता, जबडा सैल झाला होता, पाठ सरळ होती. जुबेदाच्या आवाजात ते किती खरं वाटलं असतं. तिला ते शब्द सुचलेही. पण येताना साऱ्या वाटेत तिने एकच गोष्ट घोकली होती, की आता ह्या बाईशी पुन्हा खोटं बोलायचं नाही, काही झालं तरी नाही. आणि ती घोकलेली गोष्ट तिच्या तोंडाशी आधी येऊन उभी होती.

“मी पाहिलं नाही, मैना,” ती म्हणाली. “आप्पासाहेबांनी स्टँडवर सांगितलं तेवढंच. मी आत गेले नाही.”

मैना तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतलं जे काही जुबेदापर्यंत येऊन थांबलं होतं, ते हळूहळू मागे गेलं.

“येवढं तरी खोटं बोलायचं हुतं,” ती म्हणाली.

आणि भिंतीला टेकून तिने डोळे मिटले. मग लगेच उघडले, मिटून ठेववत नसल्यासारखे. जुबेदा समोर बसून होती. तिला कुणी जा म्हटलं नाही. बस असंही कुणी म्हटलं नाही. तांब्यातलं पाणी तसंच होतं, आणि उन्हाची तिरीप दारातून आत येऊन दोघींच्या मधल्या रिकाम्या जमिनीवर पडली होती.